ऋतुमान आणि 'कोरडे वजन' : डायालिसिसवरील रुग्णांच्या प्रकृतीतील ऋतुनिष्ठ बदल

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या उपचारपत्रिकेवर एक आकडा ठळकपणे लिहिलेला असतो. त्यास 'कोरडे वजन' असे म्हणतात. यंत्रावरील प्रत्येक उपचाराच्या अखेरीस रुग्णाचे वजन या आकड्यापर्यंत उतरवावयाचे, असा त्याचा अर्थ. यंत्राने किती पाणी काढावे, रुग्णाने दोन उपचारांच्या मधल्या काळात किती पाणी प्यावे, रक्तदाबाची औषधे किती द्यावीत, हे सर्व निर्णय या एका आकड्याभोवती फिरत असतात. आकडा एकदा लिहिला गेला की तो महिनोन्‌महिने तसाच राहण्याची प्रवृत्ती असते. रुग्णाचे शरीर मात्र तसेच राहत नाही. ऋतू पालटला की त्याची भूक, तहान, घाम आणि रक्तदाब ही सर्वच पालटतात. या बदलांचे स्वरूप काय, त्यांविषयी इतर देशांत कोणती निरीक्षणे झाली आहेत आणि ती महाराष्ट्राच्या ऋतुमानास कितपत लागू पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. संज्ञा आणि तिचा आशय

'डायालिसिस' या शब्दास शास्त्रीय परिभाषेत 'अपोहन' असा पर्याय आहे. तथापि रुग्णालयांत व रुग्णांच्या घरांत मूळ शब्दच रूढ झालेला असल्याने येथे तोच वापरला आहे. विलेम कोल्फ या डच वैद्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, मानवी रुग्णावर वापरता येईल असे कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध केले. परंतु त्याचा उपयोग काही काळापुरता होता. रक्तवाहिनीपर्यंत पुनःपुन्हा पोहोचण्याचा मार्ग बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये सिएटल येथे शोधून काढला आणि तेव्हापासून हा उपचार वर्षानुवर्षे चालविता येऊ लागला. ऋतुमानाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्भवला तो यानंतरच. कारण जो रुग्ण काही दिवसच यंत्रावर असतो त्याला ऋतू नसतो, आणि जो दहा वर्षे यंत्रावर असतो त्याला दहा उन्हाळे आणि दहा पावसाळे काढावयाचे असतात.

निरोगी मूत्रपिंड शरीरातील पाण्याचा तोल अहोरात्र राखते. डायालिसिसवरील रुग्णाच्या बाबतीत हे काम आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, यंत्राकडून करवून घेतले जाते. भारतात आठवड्यातून दोनच वेळा उपचार घेणाऱ्या रुग्णांची संख्याही मोठी आहे. मधल्या दिवसांत प्यालेले पाणी शरीरातच साठते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, या साध्या हिशेबावर सारा व्यवहार चालतो.

येथे संज्ञेतील 'कोरडे' या विशेषणाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. मनुष्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचाच असतो. त्यामुळे शब्दशः कोरडे शरीर संभवत नाही. ज्या वजनाला सूज नाही, धाप नाही, रक्तदाब आटोक्यात आहे आणि तरीही पायांत गोळे येत नाहीत वा डोळ्यांपुढे अंधारी येत नाही, ते वजन, एवढाच या संज्ञेचा आशय आहे. ते थेट मोजता येत नाही. लक्षणांवरून अजमावावे लागते. म्हणजे वस्तुतः हा एक अंदाज आहे. परंतु किलोग्रॅममधील आकड्याचे रूप मिळाल्यामुळे त्याला मापाची प्रतिष्ठा प्राप्त होते, आणि उंचीप्रमाणे तेही त्या व्यक्तीचे स्थिर लक्षण आहे असा समज होतो. ऋतुबदलाच्या वेळी हाच समज घातक ठरतो.

२. हिवाळा : रक्तदाबाचा चढ

या विषयावरील विशेष प्रसिद्ध निरीक्षण फ्रान्समधील माँपेलिये येथील आहे. आर्हिलेस, मुराद आणि मिऑन या संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात डायालिसिसवरील रुग्णांचा रक्तदाब हिवाळ्यात सर्वाधिक आणि उन्हाळ्यात सर्वांत कमी असतो असे दाखवून दिले. बाहेरील तापमान वाढले की रक्तदाब उतरतो, असा हा व्यस्त संबंध होता. पुढच्याच वर्षी जपानमधील ओकिनावा बेटावरूनही अशाच आशयाचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. ओकिनावाचा हिवाळा सौम्य असतो. तरीही तेथे हा फरक दिसून आला, हे महत्त्वाचे आहे.

यावर एक शंका संभवते. हा परिणाम थंडीचा, की नाताळ व नववर्ष यांसारख्या सणांच्या खाण्यापिण्याचा? या शंकेचे उत्तर दक्षिण गोलार्धाने दिले. उरुग्वे देशातील निरीक्षणे २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे हिवाळा जून ते ऑगस्ट या महिन्यांत येतो, आणि रक्तदाबाचा चढही त्याच महिन्यांत आढळला. म्हणजे चढउतार पंचांगातील महिन्याशी बांधलेला नसून हवामानाशी बांधलेला आहे.

याची कारणे शरीरव्यापारात सापडतात. थंडीत त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तेवढ्याच रक्ताला कमी जागेतून वाहावे लागते. घाम जवळजवळ थांबतो. ज्याची लघवी बंद झालेली आहे अशा रुग्णाच्या बाबतीत पाणी बाहेर पडण्याची ती एक उरलेली वाट असते. भूक वाढते, आणि अन्नाबरोबर मीठही अधिक पोटात जाते. रक्तातील सोडियमचे प्रमाण स्थिर राखण्यासाठी शरीर सुमारे आठ ग्रॅम मिठामागे एक लिटर पाणी धरून ठेवते. म्हणून रुग्णाला पाणी कमी प्या असे सांगून मिठाविषयी काही न सांगणे व्यर्थ होय. ऊन कमी मिळाल्याने 'ड' जीवनसत्त्वाची पातळीही हिवाळ्याच्या अखेरीस खालावते.

अमेरिकेतील सुमारे पंधरा हजार रुग्णांच्या पाच वर्षांच्या नोंदींवर आधारलेला एक निबंध २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण हिवाळ्यात सर्वाधिक आढळले. उपचारापूर्वीचा रक्तदाब आणि दोन उपचारांमधील वजनवाढ यांचाही चढ हिवाळ्यातच होता. थंड देशांतील वैद्यकात 'हिवाळा जपावा' हे सूत्र रूढ होण्यास असा पुरावा आधारभूत आहे.

३. उन्हाळा : सुटका आणि संकट

या निष्कर्षांवरून उन्हाळा हा रुग्णास अनुकूल काळ, असा समज होण्याचा संभव आहे. आणि एका मर्यादेपर्यंत तो खराही आहे. रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी जाते, रक्तदाब उतरतो. परंतु उष्मा मर्यादेपलीकडे गेला की चित्र पालटते. अमेरिकेतील बोस्टन, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क या तीन शहरांतील रुग्णांविषयीचा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. अतितीव्र उष्म्याच्या दिवशी रुग्णालयात दाखल होण्याचा आणि मृत्यूचा धोका वाढतो असे त्यात आढळून आले. ही तिन्ही शहरे महाराष्ट्राच्या मानाने थंडच म्हणावी लागतील. नागपूर व चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा काही दिवस ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे गांभीर्य कळून येईल.

उन्हाळ्यातील संकटे अनेक बाजूंनी येतात. घामाने आधीच पाणी गेलेल्या रुग्णाचे वजन जुन्याच आकड्यापर्यंत उतरविताना रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. दाब फार उतरला तर हातावरील फिस्टुला, म्हणजे शस्त्रक्रियेने रोहिणी व नीला जोडून तयार केलेली वाहिनी, गोठून बंद पडण्याची भीती असते. या वाहिनीस रुग्णाची जीवनरेखा म्हणतात ते उगाच नव्हे.

दुसरे संकट पोटॅशियमचे. निकामी मूत्रपिंड हे क्षार बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तातील त्याचे प्रमाण वाढल्यास हृदयाची लय बिघडून अकस्मात मृत्यू ओढवू शकतो. नेमका उन्हाळा हाच फळांचा ऋतू. शंभर ग्रॅम आंब्यात सुमारे १७० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. शहाळ्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात ते त्याहूनही अधिक, साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम असते. निरोगी माणसास उन्हावर उतारा म्हणून जे प्रेमाने दिले जाते, ते शहाळे या रुग्णास अपायकारक ठरू शकते. आमरसाची वाटी पाणी म्हणूनही मोजावी लागते आणि पोटॅशियम म्हणूनही. लोणची, पापड व सांडगे हे उन्हाळ्यात घालून वर्षभर पुरवावयाचे पदार्थ मिठाचा हिशेब बिघडवितात.

यंत्रातील द्रावाचे तापमान किंचित उतरविल्यास उपचाराच्या वेळी रक्तदाब कोसळण्याचे प्रसंग कमी होतात, असे लहान प्रयोगांत दिसून आले होते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ८४ केंद्रांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मात्र शीतल द्रावामुळे मृत्यू वा हृदयविकार यांचे प्रमाण घटले नाही, उलट रुग्णांस थंडी वाजण्याचा त्रास अधिक झाला. यंत्राची एक कळ फिरवून ऋतूचा प्रश्न सुटत नाही, एवढा बोध यावरून घ्यावयाचा.

४. मांस की पाणी?

या विषयातील सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत धोक्याचा मुद्दा आता मांडावयाचा आहे. तराजू किती वजन हे सांगतो. कशाचे वजन हे तो सांगत नाही.

उदाहरणादाखल एक कल्पित रुग्ण घ्यावा. फेब्रुवारीत त्याचे कोरडे वजन ६० किलो ठरले. पुढे ऊन तापले, अन्नावरची वासना उडाली आणि मेअखेरपर्यंत त्याचे दीड किलो मांस झडले. उपचारपत्रिकेवरील आकडा मात्र ६० हाच राहिला. आता प्रत्येक उपचारानंतर वजन नेमके ६० भरते, नोंद समाधानकारक दिसते. परंतु गेलेल्या मांसाच्या जागी दीड लिटर पाणी शरीरात मुरलेले आहे. एरवी असे पाणी रक्तदाब वाढवून आपली वर्दी देते. उन्हाळ्यात रक्तदाब मुळातच उतरलेला असल्याने ही वर्दीही मिळत नाही. दोन विरुद्ध बदल एकमेकांस झाकून टाकतात. पुढे पहिल्या पावसाच्या गारव्याने वा थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की हे लपलेले पाणी एकाएकी प्रकट होते, आणि रुग्णास रात्री उताणे निजताच धाप लागू लागते.

उलट प्रकारही घडतो. दिवाळीनंतर भूक सुधारून त्याच रुग्णाच्या अंगी दीड किलो मांस भरले, तर यंत्र ते पाणीच आहे असे समजून ६० किलोपर्यंत ओढून काढू लागते. उपचाराच्या शेवटच्या तासात पायांत गोळे येतात, चक्कर येते, घरी परतल्यावर दिवसभर उठवत नाही. प्रकृती सुधारल्याची ही शिक्षा म्हणावयाची. येथे आकडा वाढवावयास हवा; परंतु वजनवाढ म्हणजे पथ्यभंग अशी समजूत घट्ट असल्याने रुग्णासच दोष दिला जाण्याचा संभव असतो.

रुग्णाच्या बोलण्याकडे लक्ष दिल्यास या दोन अवस्थांचा भेद पुष्कळदा ओळखता येतो. परंतु त्यात एक भाषिक अडचण आहे. मराठी बोलणारा मनुष्य आपल्या दुखण्याचे कर्तृत्व सहजपणे ऋतूकडे देतो. 'ऊन बाधले', 'हवा मानवत नाही', 'पाणी लागले', 'पावसाळी हवेने अंग जड झाले' ही वाक्ये त्याच्या तोंडी स्वाभाविक असतात. ती खोटी नसतात. ऋतूचा संबंध तीत अचूक ओळखलेला असतो. तथापि कारण सापडल्याचे समाधान मिळाल्याने पुढचा प्रश्न विचारला जात नाही. 'अंग जड झाले' म्हणजे सूज की थकवा? 'गळून गेल्यासारखे वाटते' हे उपचाराच्या आधी की नंतर? आधी असेल तर साठलेल्या पाण्याचा विचार प्रथम करावा लागतो, नंतर असेल तर अधिक पाणी ओढले गेल्याचा. एकाच वाक्यप्रयोगाची वेळ पालटली की त्याचा वैद्यकीय अर्थ पालटतो. म्हणून परिचारिकेने वा तंत्रज्ञाने रुग्णाचे शब्द जसेच्या तसे, वेळेसह नोंदवून ठेवले, तर ती नोंद तराजूच्या आकड्याइतकीच उपयोगी ठरेल.

५. पावसाळा : तिसरा ऋतू

आतापर्यंत उल्लेखिलेल्या पाश्चात्त्य निरीक्षणांची मांडणी थंडी व ऊन या दोन टोकांमध्ये झालेली आहे. महाराष्ट्राच्या ऋतुमानात त्यांशिवाय तिसरा घटक आहे, तो पावसाळा. त्याचा परिणाम तापमानापेक्षा अन्य मार्गांनी अधिक होतो.

पहिला मार्ग संसर्गाचा. डायालिसिसवरील रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असते. इन्फ्लुएन्झाची साथ युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात येते. भारतात बहुतेक ठिकाणी तिचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो. श्रीनगर हा याला ठळक अपवाद असून तेथे ती हिवाळ्यातच येते. साहजिकच लस टोचण्याची वेळ पाश्चात्त्य वेळापत्रकावरून ठरविणे चुकीचे होय. महाराष्ट्रात ती पावसाळ्याच्या तोंडापूर्वी दिली जाणे सयुक्तिक ठरते. जे रुग्ण यंत्राऐवजी उदरपोकळीत द्राव सोडून घरीच डायालिसिस करतात, त्यांच्या उदरावरणाला होणारा संसर्ग उष्ण व दमट महिन्यांत अधिक आढळतो, असे हाँगकाँग येथील २००३ च्या निबंधात नमूद आहे. कोकण, मुंबई व गोवा येथील दमट हवेच्या दृष्टीने हे निरीक्षण विचारात घेण्याजोगे आहे.

दुसरा मार्ग वाहतुकीचा. चुकलेला उपचार म्हणजे शरीरात साठत राहिलेले पाणी आणि पोटॅशियम. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळाने न्यू ऑर्लीन्स शहर बुडाले. त्या परिसरातील रुग्णांच्या पाहणीत सुमारे ४४ टक्के रुग्णांचा किमान एक उपचार चुकल्याचे आणि सुमारे १७ टक्के रुग्णांचे तीन वा अधिक उपचार चुकल्याचे आढळले. त्याच वर्षी २६ जुलै रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर ठप्प झाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. असा दिवस निरोगी माणसास गैरसोयीचा असतो. एक दिवसाआड केंद्रावर जाणाऱ्या रुग्णास तो जिवावरचा असतो. अतिवृष्टीचा इशारा मिळताच उपचार एक दिवस आधी उरकून घेणे, पाणी व फळे यांवर कडक मर्यादा घालणे आणि वाटेतील दुसऱ्या केंद्राची आगाऊ माहिती ठेवणे, एवढी पूर्वतयारी कोणत्याही केंद्रास शक्य आहे.

तिसरा मार्ग खुद्द पाण्याचा. एका उपचारात सुमारे १२० लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रुग्णाच्या रक्ताजवळून वाहते. आठवड्यास तीन उपचार धरले तर ३६० लिटर. पिण्याच्या पाण्यातील जो दोष आतड्याच्या भिंतीशी अडतो, तो येथे थेट रक्तात उतरू शकतो. ब्राझीलमधील कारुआरू शहरात फेब्रुवारी १९९६ मध्ये, म्हणजे तेथील उन्हाळ्यात, याचा भीषण प्रत्यय आला. जलाशयात माजलेल्या नीलहरित शैवालाचे विष अपुऱ्या शुद्धीकरणामुळे डायालिसिसच्या पाण्यात आले. एका केंद्रातील ११६ रुग्णांना बाधा झाली, १०० जणांची यकृते निकामी झाली आणि त्या वर्षअखेरपर्यंत पन्नासाहून अधिक मृत्यूंचे कारण ते विष असल्याचे निश्चित झाले. महाराष्ट्रातही उन्हाळ्याच्या अखेरीस तलाव आटतात, टँकरने पाणी आणावे लागते, आणि पहिल्या पावसाबरोबर नळाचे पाणी गढूळ होते. पाण्याचा स्रोत वा गुण ज्या ज्या वेळी बदलतो, त्या त्या वेळी शुद्धीकरणयंत्रणेची तपासणी झाली पाहिजे, हा कारुआरूचा धडा आहे.

६. समारोप

परदेशी निष्कर्ष स्वीकारताना शब्दांच्या भाषांतराबरोबर ऋतूंचेही भाषांतर करावे लागते, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे. माँपेलियेच्या आलेखात वर्षाला एक शिखर आणि एक दरी आहे. मुंबईत जानेवारीतही दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये उष्मा पुन्हा एकदा डोके वर काढतो. विदर्भात मे आणि डिसेंबर यांतील अंतर फार मोठे. कोकणात घाम येतो पण वाळत नाही. एकाच राज्यात इतके भेद असल्याने सर्व केंद्रांस एकच वेळापत्रक लागू पडणार नाही. २०१६ मध्ये घोषित झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रमामुळे हा उपचार जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचू लागला आहे. त्यामुळे प्रत्येक प्रदेशाच्या स्वतंत्र नोंदी ठेवणे आता शक्यही आहे आणि अगत्याचेही.

या संदर्भात परंपरेतील एक संज्ञा उपयोगी पडण्यासारखी आहे. सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून होणाऱ्या चौदा दिवसांस 'अष्टांगहृदय' या ग्रंथात 'ऋतुसंधी' म्हटले आहे, आणि त्या काळात आहारविहाराचा पालट क्रमाक्रमाने करावा असे सांगितले आहे. त्या ग्रंथकाराच्या काळी हा उपचार अस्तित्वात नव्हता. त्यामुळे त्याच्या शारीरविचाराचा आधार येथे घेता येणार नाही. परंतु पालटाच्या काळासाठी स्वतंत्र नाव असणे ही सोय मोठी आहे, कारण ज्याला नाव असते त्याची आठवण राहते. होळीच्या सुमारास, मृगाच्या आरंभी, पाऊस सरताना आणि दिवाळीनंतर, अशा चार ऋतुसंधींस प्रत्येक रुग्णाचे कोरडे वजन, रक्तदाबाची औषधे व आहार यांची नव्याने तपासणी करण्याचा प्रघात केंद्रांनी पाडावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, फारसा खर्चही येत नाही. कोरड्या वजनाच्या आकड्यापुढे ते ज्या तारखेस ठरले ती तारीख लिहिण्याचा नियम केला, तरी आकडा जुना झाल्याचे पाहणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येईल.